कोळंबीचं बाळंतपण

आमच्या मुलुंडच्या घरात कोळंबी पाळलेली आहे असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "खायला?" नाही म्हटलं की दुसरा, "मग मोठी झाल्यावर काय करणार?" तर मैत्रिणींनो, ती मोठी होतच नाही. पूर्ण वाढ झाली तरी अडीच-तीन सेंटीमीटर, म्हणजे आपल्या बोटाच्या पेराएवढी. बाजारातली करंदी डोळ्यांपुढे आणा. फक्त ही जिवंतपणीच लालबुंद असते, त्यासाठी शिजवावी लागत नाही.

हिचं दुकानातलं नाव चेरी श्रिम्प. शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळची तैवान-चीनकडच्या ओढ्या-तळ्यांतली, आणि तिथे रंगाने अगदीच मातकट. त्यातल्या लालसर निघालेल्या निवडायच्या, त्यांच्या पिल्लांतल्या आणखी लाल निवडायच्या, असं करत करत माणसाने ही लाल केली. मग पिवळी काढली, निळी काढली. जपानमध्ये १९९६ साली हिसायासु सुझुकी नावाच्या गृहस्थांना आपल्या काळ्या-पांढऱ्या कोळंब्यांत एकच लाल-पांढरी दिसली आणि तिच्यापासून 'क्रिस्टल रेड' ही महागडी जात तयार झाली. ती फार नाजूक, थंड पाण्यात रमणारी. मुंबईच्या उकाड्यात तिच्या वाटेला जाऊ नये. चेरीचं मात्र आपल्यासारखं आहे. जागा अडचणीची असो, गर्दी असो, ती संसार मांडते.

माझ्या पहिल्या बारा कोळंब्या मी कुर्ल्याहून आणल्या. कुर्ल्याला शोभेच्या माशांचा मोठा बाजार आहे, सकाळी लवकर गेलं की माल ताजा मिळतो. ऑक्सिजन भरलेली फुगीर पिशवी, आत शेवाळासारख्या मॉसचा पुंजका आणि त्याला घट्ट धरून बसलेल्या बारा जणी. लेडीज डब्यात पिशवी मांडीवर घेऊन बसले, तर घाटकोपर येईपर्यंत अर्धा डबा डोकावून गेला. "एवढ्याशा करंदीत कुणाचं पोट भरणार गं?" एका मावशींनी विचारलं. नगाला चाळीस रुपये म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "चाळीस? एकीला?" भांडुपला उतरेपर्यंत त्या माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत होत्या.

पण त्या आणायच्या आधी महिनाभर आमचा टँक रिकामाच चालू होता. दोन फुटी काचेचा टँक, साधारण पन्नास लिटर पाणी, तळाला बारीक रेती, मॉस आणि एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर. सासूबाईंना हे कोडंच होतं. "अगं, रिकाम्या पाण्याला वीज कशाला जाळतेस?" कारण असं की, प्राण्यांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. तो खाणारे जिवाणू असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच निरुपद्रवी. हे जिवाणू स्पंजवर, रेतीवर वस्ती करतात, पण वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. माझी बोरिवलीची नणंद या छंदात माझ्या आधी पडलेली. तिने आपल्या जुन्या टँकमधला स्पंज माझ्या पाण्यात पिळला. तपकिरी, घाणेरडं पाणी. सासूबाईंनी नाक मुरडलं. मी म्हटलं, "आई, विरजण लावतेय." लगेच पटलं! दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागत नाही, तसंच हे.

आता पाण्याचं. कोळंबी पाळायची म्हणजे खरं तर पाणीच पाळायचं. मुंबईच्या नळाला येतं ते तलावांत साठलेलं पावसाचं पाणी. त्यातले विहार आणि तुळशी हे दोन तलाव तर इथेच, आमच्या उपनगरांच्या डोंगरात आहेत, दोन्ही इंग्रजांच्या काळातले; बाकीचे तानसा, वैतरणा, भातसा असे लांबून पाणी पुरवणारे. हे पाणी मृदू असतं, म्हणजे त्यात क्षार कमी. आमच्या नळाच्या पाण्यात टीडीएस मीटर घातला की आकडा शंभराच्या आतच राहतो. डाळ शिजायला उत्तम, केस धुवायला उत्तम. कोळंबीला मात्र अपुरं. कारण तिचं कवच कॅल्शियमचं, आणि ते तिला सारखं बदलावं लागतं.

कोळंबी वाढते ती कात टाकून. जुनं कवच मानेपाशी उकलतं आणि एका झटक्यात ती बाहेर येते. मागे राहतं ते पारदर्शक कवच, डोळे-मिशांसकट! पहिल्यांदा ते तरंगताना दिसलं तेव्हा सासूबाई ओरडल्याच, "मेली गं एक!" मेलेली नव्हती, कपडे बदलून मॉसमध्ये लपून बसली होती. नवं कवच मऊ असतं तोवर सगळ्याच लपतात. टाकलेलं कवच काढून फेकू नये. त्या स्वतःच ते खातात, कॅल्शियम पुन्हा अंगी लावतात. पाण्यात क्षार कमी पडले तर कात अर्धवट अडकते, मानेभोवती पांढरं कडं दिसतं आणि ती बिचारी त्यातच जाते. यावर महागडी पावडर मिळते. मी मात्र तिसऱ्यांची आमटी झाली की दोन-चार शिंपल्या उकळून, उन्हात वाळवून टँकच्या कोपऱ्यात ठेवते. समुद्रफेसाचा तुकडाही चालतो. हळूहळू विरघळतो.

तुमच्यापैकी ज्यांच्या गावात बोअरचं पाणी आहे त्यांची गोष्ट उलटी. तिथे क्षार भरपूर. चेरीला थोडं जड पाणी मानवतं, त्यामुळे तुम्हाला शिंपल्या लागणारच नाहीत. फारच जड असेल, बादलीला पांढरा थर धरत असेल, तर त्यात पावसाचं स्वच्छ पाणी मिसळायचं. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर ते पाणी लगेच वापरायचं नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बादली उघडी ठेवली की दिवसभरात बरंचसं उडतं, नाहीतर क्लोरीन मारायचे थेंब माशांच्या दुकानात मिळतातच.

आणि एक. पाणी तांब्याच्या कळशीतलं, हंड्यातलं घालू नका. आपल्याला ते गुणकारी म्हणून सांगितलेलं असतं, पण कोळंबीला तांब्याचा अंशही जास्त झाला तर विष होतो. गंमत अशी की तिच्या रक्तात तांबंच असतं! आपल्या रक्तात प्राणवायू वाहायला लोह, म्हणून ते लाल. तिच्या रक्तात तांबं, म्हणून ते निळसर. लागतं पण सोसत नाही, असा हा प्रकार. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं, म्हणून कोळंबीच्या टँकमध्ये माशांचं औषध डोळे मिटून ओतायचं नाही.

आता ज्यासाठी हे शीर्षक दिलं ते बाळंतपण. यांच्यात नटणं बायकांकडे. मादी मोठी, गडद लाल, पोट भरदार. नर लहान आणि फिकट, अंगावर रंग असून नसल्यासारखा. मादी वयात आली की तिच्या डोक्यामागे, पाठीवर, पिवळसर ठिपक्यासारखं काही दिसू लागतं. ती आत तयार होणारी अंडी. मग एक दिवस ती कात टाकते आणि पाण्यात तिचा गंध पसरतो. त्या संध्याकाळी टँकमधले सगळे नर वेड्यासारखे काचेला धडका देत, वरखाली गरगर पोहत तिला शोधत असतात. आमची मुलगी म्हणते, "आई, वरात निघाली."

दुसऱ्या दिवशी अंडी पाठीवरून पोटाखाली आलेली असतात. वीस-तीस अंडी, पोटाखालच्या छोट्या पायांमध्ये धरलेली. आणि पुढचे तीनेक आठवडे ती बाई काय करते? अखंड वारा घालते. ते पाय सतत हलत असतात, अंड्यांवरून ताजं पाणी फिरतं ठेवतात, नाहीतर अंड्यांना बुरशी लागेल. मध्येच एखादं अंडं पायाने फिरवते, साफ करते, परत जागेवर ठेवते. खाणंपिणं, हिंडणं-फिरणं हे करता करताच. शेवटी शेवटी अंड्यांत दोन काळे ठिपके दिसतात, ते पिल्लांचे डोळे. मी रात्री ओटा आवरून झाला की टॉर्च घेऊन तेच बघत बसते. टीव्हीवरच्या मालिकेपेक्षा इथे गोष्ट पुढे सरकते!

पिल्लू जन्मतं ते आईसारखंच, फक्त दोन मिलिमीटरचं, काचेसारखं. हे महत्त्वाचं आहे. आपण खातो ती गोड्या पाण्यातली मोठी जंबो कोळंबी पाहा. तिच्या अंड्यांतून अळ्या निघतात आणि त्यांना जगायला निमखारं पाणी लागतं. म्हणून ती घरच्या टँकमध्ये वाढवता येत नाही. चेरीचं तसं नाही. सगळं बाळंतपण त्याच पन्नास लिटरमध्ये, आणि सुईण लागत नाही. पिल्लं मॉसमध्ये दडून त्यावरचा सूक्ष्म थर खातात. मासे सोबत ठेवले तर ते पिल्लांचा फडशा पाडतात, म्हणून टँक फक्त कोळंबीचा. आणि फिल्टर स्पंजचाच, मोटारीचा असेल तर पिल्लं आत ओढली जातात.

खाण्याचे लाड फार करायचे नाहीत. उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं एक पान, दुधीची चकती, तेवढं दोन दिवसांना पुरतं. उरलेलं काढून टाकायचं. पालक मीठ घातलेल्या पाण्यात बुडवून, नळाखाली चांगला धुऊनच. आणि बदामाचं पान. खायचा बदाम नव्हे. आपल्या रस्तोरस्ती असतो तो मोठ्या पानांचा देशी बदाम, ज्याची पानं लाल होऊन गळतात तो. आपोआप गळलेलं, तपकिरी, वाळकं पान धुऊन टँकमध्ये टाकायचं. पाण्याला चहाचा फिकट रंग येतो आणि महिनाभरात कोळंब्या त्या पानाची जाळी करून ठेवतात, फक्त शिरा उरतात. दुकानात हेच पान पाकिटात घालून विकतात. आमच्या सोसायटीत झाडूवाला रोज टोपलीभर गोळा करतो. त्याला सांगून ठेवलंय.

उन्हाळा मात्र परीक्षा घेतो. चेरीला बावीस ते सव्वीस अंश तापमान आवडतं. मे महिन्यात आमच्या टँकचा थर्मामीटर एकतीस दाखवतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, कोळंब्या सुस्तावतात, काही जणी अंडी टाकून देतात. बर्फ घालायचा नाही, एकदम बदल सोसत नाही. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावला की माठासारखं होतं, पाणी उडतं आणि दोन-तीन अंश उतरतात. खरी वीण होते ती थंडीत. कोळंबीची लग्नसराईही आपल्यासारखी तुळशीच्या लग्नानंतरच!

बारांच्या ऐंशी व्हायला मला एक हिवाळा पुरला. आणि ऐंशीच्या नऊ व्हायला एक दिवस.

पावसाळ्याच्या तोंडाशी शेजारच्या फ्लॅटमध्ये झुरळांसाठी फवारणी झाली. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे जे हवेत ते पाण्यात. सकाळी बघते तर काही जणी उताण्या पडून पाय झाडत होत्या, काही वेड्यावाकड्या उसळत होत्या. पंप बंद केला, खिडक्या लावल्या, निम्मं पाणी बदललं, कोळशाची पिशवी टाकली. संध्याकाळपर्यंत मी गाळणीने मेलेल्या काढत होते. मुलगी शाळेतून आली आणि दप्तरासकट टँकसमोर बसून राहिली.

कारण सोपं आहे. झुरळ काय, डास काय आणि कोळंबी काय, एकाच गोतावळ्यातले, सांध्यांच्या पायांचे आणि कवचाचे जीव. झुरळाच्या मज्जासंस्थेवर जे औषध चालतं ते कोळंबीवरही चालतं. घरगुती फवाऱ्यांत, डासांच्या लिक्विडमध्ये बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातलं रसायन असतं. माणसाचं शरीर ते बऱ्यापैकी लवकर मोडून टाकतं, मासे आणि कोळंबीला ते जमत नाही. तेव्हा मी कुणाला घाबरवत नाही. पण ज्या डक्टमधून ते आलं, त्याच डक्टवर खालच्या मजल्यावरच्या रांगत्या बाळाचीही खिडकी आहे, आणि त्याच्या आईलाही कुणी सांगितलं नव्हतं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला तेव्हा हशा पिकला. "वहिनी, कोळंबीसाठी मीटिंग?" मी म्हटलं, "कोळंबीसाठी नाही, नोटिशीसाठी. कुठल्या दिवशी, किती वाजता आणि कुठलं औषध मारणार, एवढं दोन दिवस आधी फळ्यावर लिहा." मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उठल्या, त्यांना दमा आहे. मग ती बाळाची आई बोलली. हशा थांबला. आता फळ्यावर औषधाच्या नावासकट नोटीस लागते आणि बऱ्याच घरांनी फवाऱ्याऐवजी कोपऱ्यांत ठिपके लावायचं जेल घेतलंय. आमच्या घरी लिक्विड बंद होऊन मच्छरदाणी आली. ह्यांची पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली, मग सवय झाली. रस्त्यावर धूर फवारणीची गाडी आली की मी खिडक्या लावते, पंप तासभर बंद ठेवते आणि टँकवर ओली चादर टाकते. पावसाळ्यात साठलेलं पाणी तपासायला माणसं येतात, तेव्हा टँकमधलं हलतं पाणी दाखवायचं. फिल्टरच्या बुडबुड्यांनी हलत राहणाऱ्या पाण्यावर डास सहसा अंडी घालत नाहीत.

"यात पैसे मिळतात का?" हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असणार. मिळतात, पण 'घरबसल्या लाखो' असं कुणी सांगत असेल तर पुढे जा. दुकानदार आपल्याकडून घेताना निम्म्याहून कमी भाव देतो, उन्हाळ्यात घेतच नाही. चेन्नईच्या कोलाथूरमध्ये घरोघरी शोभेचे मासे वाढवून संसार चालतात, पण तिथे वर्षानुवर्षांची बाजारपेठ उभी आहे. कुणाला खरंच धंदा म्हणून करायचं असेल तर आधी शिकून घ्या. अंधेरीला वर्सोव्यात केंद्र सरकारची मत्स्यशिक्षण संस्था आहे, १९६१पासूनची, तिथे शोभेच्या माशांच्या संगोपनाची प्रशिक्षणं होत आली आहेत. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभेच्या माशांच्या युनिटसाठी महिलांना ६० टक्के अनुदानाची तरतूद केली होती. सध्याचे नियम जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारायचे. मी स्वतः मात्र विकत नाही, वाटते. पुरणपोळीचा डबा रिकामा परत करत नाहीत ना, तशी नणंदेच्या बरणीतून मॉस येतं आणि माझ्याकडून कोळंब्या जातात. वाटतानाही एक रंग एकीकडेच देते. लाल आणि निळ्या एकत्र वाढल्या तर पुढच्या पिढ्या पुन्हा मातकट होत जातात.

फार झाल्या म्हणून तळ्यात, ओढ्यात, विहिरीत मात्र सोडायच्या नाहीत. सह्याद्रीच्या पाण्यात आपल्या स्वतःच्या बारीक कोळंब्या आहेत, त्यांच्या घरात परक्या भरायच्या नाहीत.

आणि हो, आम्ही कोळंबी अजूनही खातो. सोड्यांची खिचडीही होते. श्रावणात सासूबाई फक्त टँकमधल्यांना पालक घालतात आणि म्हणतात, "तुमचा बरा बारा महिने श्रावण!"

त्या नऊ जणींत एक अंडी धरलेली होती. ती कशी वाचली देव जाणे, मॉसच्या सगळ्यात आतल्या गाठीत बसली होती. दिवाळीनंतर तिच्या मुली अंड्यावर आल्या. काल रात्री मुलीने टॉर्च धरला आणि मी मोजायला बसले. त्रेचाळीसपर्यंत आलो, तेवढ्यात फिल्टरमागून पिल्लांचा एक घोळकाच बाहेर पडला.

"राहू दे आई," ती म्हणाली, "उद्या मोजू."